डावा दिवा

मी लोकांच्या गाड्या लहान करतो. चोवीस पट लहान. दिवसभर ऑफिसात पाण्याच्या नळांचे नकाशे काढायचे आणि घरी आल्यावर कुणाच्या तरी गाडीचा नखाएवढा आरसा चिमट्यात धरून चिकटवत बसायचं, हा माझा पंधरा वर्षांचा उद्योग. बायको याला रिकामपणाची कामगिरी म्हणते. तिचं म्हणणं खोडून काढायला मला अजून काही सुचलेलं नाही.

दुकानात तयार भागांचे डबे मिळतात. ते आणून चकचकीत गाडी जोडणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दलचं माझं मत मी इथे लिहीत नाही. मला कारखान्यातून आलेली गाडी नको असते, वापरलेली हवी असते. म्हणून काम घेतलं की मी आधी खऱ्या गाडीकडे जातो, साठेक फोटो काढतो, टेप लावून मापं घेतो आणि वहीत लिहितो: मागच्या बंपरला पोचा, काचेवर अर्धवट खरवडलेला स्टिकर, ड्रायव्हरच्या बाजूचं पायपुसणं झिजलेलं. शिवाय माझा एक नियम आहे. गाडी माझ्या हातून जाईपर्यंत खऱ्या गाडीला जे होईल ते माझ्या गाडीलाही होणार. दातांच्या डॉक्टरांच्या गाडीवर मध्येच कुणीतरी किल्लीने ओरखडा काढला, तर मीही सुईने काढला. डॉक्टर इतके चिडले की नंतर माझी दाढ त्यांनी जरा जास्तच मनापासून उपटली. ताईला हा किस्सा फार आवडायचा. येईल त्याला ती ऐकवायची, "आमचा बारक्या एक वेळ नातं तोडेल, पण ओरखडा सोडायचा नाही."

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, आई आजारी, त्यामुळे मला वाढवलं ते तिनेच. आणि दाजी, म्हणजे तिचा नवरा, हा माणूस आईच्या शेवटच्या आजारपणात बारा रात्री दवाखान्याच्या बाकावर झोपला होता. सख्ख्या मुलाला, म्हणजे मला, परीक्षा होती. हे मी विसरत नाही आणि त्यांनी मला कधी आठवण करून दिली नाही. असा माणूस पन्नास वर्षांचा होणार आणि ताई म्हणते त्यांच्या गाडीची प्रतिकृती हवी, तर मी नाही कसा म्हणणार?

रविवारी मी त्यांच्या अंगणात फोटो काढले. गाडी अकरा वर्षांची, करडी. दाजी खुर्ची टाकून माझी चेष्टा करत बसले होते. "मेहुणे, एवढं निरखून तर मी लग्नात तुमच्या बहिणीलाही बघितलं नव्हतं."

बुधवारी संध्याकाळी तलावाच्या रस्त्यावर आमच्या कोपऱ्यावरचा शिंपी सायकलवरून घरी चालला होता. मागून गाडी आली, त्याला उडवून तशीच निघून गेली. अर्धा तास तो कडेला पडून होता. दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. पोलिसांना रस्त्यावर फुटक्या दिव्याचे चार तुकडे मिळाले, एवढंच.

या शिंप्याला आम्ही सगळे मास्तर म्हणायचो. ते माझे मित्र होते असं म्हणणं जास्त होईल. पण माझ्या गाड्यांच्या सगळ्या सीटा त्यांच्या चिंध्यांच्या आहेत. "कुठल्या मॉडेलला हवंय?" असं विचारून ते पेटीतून बारीक विणीचा तुकडा शोधून द्यायचे. दाजींच्या गाडीसाठी करडा तुकडा त्यांनी मंगळवारीच दिला होता.

शनिवारी मी पुन्हा ताईकडे गेलो. दिव्यांच्या फोटोंत ऊन चमकलं होतं, आतलं काही दिसत नव्हतं. मी गाडीसमोर उकिडवा बसलो. उजव्या दिव्याची काच, म्हणायला काच, असतं प्लास्टिकच, अकरा वर्षांच्या उन्हाने पिवळट पडलेली होती. डाव्या दिव्याची स्वच्छ होती, अगदी पाण्यासारखी. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. मला दुसरं काही दिसेना. रविवारच्या फोटोंत चमक असली तरी कडेचा पिवळेपणा दोन्ही दिव्यांना होता, तो मी वहीत लिहूनही ठेवला होता.

दाजी दारात येऊन उभे राहिले. "दगड उडाला," ते म्हणाले. "ट्रकच्या चाकातून."

मी काहीच विचारलं नव्हतं.

ताईने चहा तिथेच अंगणात आणून दिला. मी तो पिईपर्यंत ती माझ्याकडे बघत उभी होती. दाजी आत गेले. त्या दिवशी त्यांनी एकही चेष्टा केली नाही.

नंतरचे दोन आठवडे मी स्वतःशी वकिली करत काढले. दगड उडूच शकतो. ट्रक असतातच रस्त्यावर. काच बदललेल्या गाड्या गावात डझनभर असतील. शिवाय मी कोण? नळांचे नकाशे काढणारा माणूस. पोलीस चौकीवरून दोनदा गेलो, दोनदा वेग वाढवला. पोलिसांना काय सांगणार, माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा दिवा फार स्वच्छ आहे? आणि सांगितल्यावर ताईच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार? बारा रात्री बाकावर झोपलेला माणूस मला दिसायचा, आणि लगेच कडेला पडलेला अर्धा तास. दोहोंतलं एकही चित्र डोळ्यांपुढून हटत नव्हतं.

एक दिवस मास्तरांच्या बायकोने मला दुकानापाशी थांबवलं. ती गिऱ्हाइकांचे कपडे परत करायला शटर अर्धं उघडून बसली होती. माझी पँट तिने घडी घालून दिली. "तुमची त्यांनी त्याच दिवशी करून ठेवली होती, भाऊ." मग म्हणाली, "तुम्हाला गाड्यांमधलं कळतं. लोकांच्या गाड्या तुम्ही जवळून बघता. जरा नजर ठेवा ना. पोलीस तर आता फोनही उचलत नाहीत."

"ठेवतो, वहिनी," मी म्हणालो. याच तोंडाने म्हणालो.

घरी येऊन मी दिवे करायला घेतले. पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा मेणबत्तीवर मऊ करायचा, लाकडी साच्यावर दाबायचा, गार झाला की कापायचा. पिवळेपणासाठी वॉर्निशमध्ये रंगाचा एकच थेंब. उजवा दिवा झाला. डावा हातात घेतला आणि माझे हात थांबले. नियमाप्रमाणे तो कोरा ठेवायला हवा होता. मी विचार केला, काम सुरू केलं रविवारी, म्हणजे ही गाडी रविवारची. पंधरा वर्षांत हे मला कधी सुचलं नव्हतं, त्या दिवशी बरं सुचलं. कुंचला बुडवला आणि डाव्यालाही पिवळा हात मारला. दोन्ही दिवे छान जुळले.

वाढदिवसाला पंचवीसेक माणसं होती. दाजींनी गाडी हातात घेतली, सगळ्यांना फिरवून दाखवली. पोचा, स्टिकर, पायपुसणं, एकेक बघून लोक हसत होते. कुणीतरी सीटवर बोट टेकवून म्हणालं, कापड खरं आहे की काय? मी हो म्हणालो आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

ताई माझ्या मागोमाग आली. तिने दार लोटलं.

"दोन्ही दिवे सारखे केलेस."

"हो."

"शनिवारी तू अर्धा तास त्या दिव्यासमोर बसला होतास. चहा गार झाला तुझा."

"मी रविवारचे फोटो धरून केली, ताई."

"डॉक्टरांच्या वेळी का नाही धरलेस?"

मी ग्लास विसळू लागलो. तो आधीच धुतलेला होता.

"मला वाटलं, नवा असेल तर तू नवाच करशील," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणजे तुझ्या मनात काही नाही, दगडच उडाला, असं मी धरून चालले असते. किंवा इतक्या माणसांत कुणीतरी विचारलं असतं, हा एकच दिवा नवा कसा? मग ह्यांना बोलावं लागलं असतं. मलाही. रोज झोपेतून उठून बसतात, बारक्या. माझ्याने विचारवत नाही. तोंडच उघडत नाही माझं. म्हटलं, तू बघितलं असशील ते करशीलच, तुला दुसरं येतंच कुठे."

"मग आता?"

"आता काय? आता तुलाही ठाऊक आहे हे मला कळलं." तिने पदराने डोळे टिपले. "मी तुझ्या भरवशावर होते रे."

आईनंतर मला कुणी इतक्या प्रेमाने आणि इतकं वाईट बोललं नव्हतं. मला तिला सांगायचं होतं की अजून वेळ गेलेली नाही, आपण तिघं बसून बोलू, उद्या मी त्यांच्याबरोबर चौकीवर जाईन. सगळी वाक्यं तयार होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघंही दुसऱ्याने सुरुवात करावी म्हणून थांबलो.

बाहेरून दाजींची हाक आली. फोटो काढायचा होता. ताईने चेहरा धुतला आणि गेली. मीही गेलो. दाजींनी मला एका बाजूला घेतलं, तिला दुसऱ्या बाजूला. मधे त्यांनी दोन्ही हातांत गाडी धरली, दिवे कॅमेऱ्याकडे करून. माझ्या दंडाला त्यांचा दंड लागला होता.

"हसा जरा," फोटो काढणारा म्हणाला.

आम्ही तिघं हसलो.