मॅथ्यूदादांची खुर्ची

२००३ साली आमच्या कोल्हापूरच्या चर्चमध्ये अमेरिकेचं पावणं आलतं. त्यांचा राजकीय पक्ष बायबलाच्या शिकवणीवर चालतो म्हणं. ते इंग्रजीत बोलायचे आणि आमचे मॅथ्यूदादा मराठीत सांगायचे. मंडळीतली भांडणं मिटवणाऱ्या पंचांचे हे दादा प्रमुख, माझं लग्न व्हायच्या आधीपासून.

"आमच्या अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या कोर्टाचे जज मरेस्तोवर खुर्ची सोडत न्हाईत," दादा गरजले. "देवापेक्षा स्वतःला मोठं समजाय लागल्यात. त्यास्नी मुदत घाला! मुदत संपली की उठवा!"

टाळ्या पडल्या. स्वतः खुर्चीला चिकटलेला माणूस हे सांगतोय म्हटल्यावर माझं डोस्कं फिरलं. मी ताडकन उठले.

"दादा, पावण्यास्नी विचारा की, ह्यो नेम आमच्या पंचांना पण लागू हाय का?"

दादांनी घाम पुसला आणि इंग्रजीत कायतरी पुटपुटले. पावणं खूश झालं, हात हलवत भरभरून बोललं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तुम्हाला आशीर्वाद दिला."

शेजारी माझी धाकटी जाऊ सुहासिनी बसली होती. ती नर्स, इंग्रजी समजणारी. ती मोठ्यानं म्हणाली, "जाऊबाई, दादांनी सांगितलं की तुम्हाला भाषण लई आवडलं. पावणं म्हणाले, मग आजच हितनंच सुरुवात करा."

आम्ही बायकांनी दादांची खुर्ची उचलून बाहेर नेली. सगळ्यात जोरात टाळ्या पावण्यांनी वाजवल्या.