गुडघ्याचं कारण

फुटबॉलच्या बुटाच्या तळाला, दोन स्टडच्या मधली माती काही निघत नव्हती. काळी माती — ओली असताना मेणासारखी चिकटते, वाळली की दगड होते. पौर्णिमा ओसरीच्या कडेला बसून, बूट उलटा धरून चमच्याच्या दांड्याने ती उकरत होती. बाकीच्या सगळ्या फटी साफ झाल्या होत्या, ही एकच राहिली होती, आणि दांडा तिथे लागला की नुसता पांढरा ओरखडा उमटत होता... माझ्यासारखी, तिला वाटलं. मग वाटलं, नाही, क्लबवाल्यांसारखी. नुसती जागा अडवून बसायचं.

मनगटावरच्या काळ्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. वेळेखाली बारीक आकड्यांत तिच्या छातीचे ठोके दिसत होते — एक्क्याण्णव. बसल्या जागी हे जास्तच; पण आज शेवटचा दिवस होता. खेळाडूंना संघ बदलण्याची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. पाचच्या आत क्लबने तिला सोडल्याची नोंद केली तर या हंगामात ती केरळच्या संघाकडून खेळणार होती. पाचच्या आत तिने क्लबच्या कागदावर सही केली तर आणखी दोन वर्षं क्लबचीच राहणार होती. आणि दोन्हीतलं काहीच झालं नाही तर वर्षभर ती कुठेच नव्हती — नावाने क्लबची, पण यादीत नाही, मैदानावर नाही. सव्वीस वर्षांच्या पायांतलं एक अख्खं वर्ष.

"काऊन वं, चमचा खराब करून राह्यली?" आतून आई आली. जिजाबाईंच्या हातात परातीत चिरलेली वांगी होती.

"दुसरं काही नाई भेटलं."

"बुटाले चमचा! अन् त्या मॅडम कधी येणार हायेत?"

"बारा वाजता. मॅडम नाई आई, चारुता."

"तेच वं. जेवाले थांबन का?"

"जेवायले येऊन नाई राह्यली ती."

"आली तं जेवनच," जिजाबाई म्हणाल्या. "तिच्या घरी तू चार-चार दिवस राह्यली हायेस." आणि आत गेल्या.

राहिली होती, हे खरं. पिपरी मेघेला, जिल्ह्याच्या संघाचं शिबिर असलं की. चारुताचे वडील बंडोपंत ऑफिसातून आले की दोघींना समोर बसवून मॅच कशी झाली ते विचारायचे, आणि रात्री एकाच गादीवर दोघी — कर्णधार सतरा वर्षांची आणि वडनेरहून आलेली ही तेरा वर्षांची — छताकडे बघत कागदावर काढल्यासारखे पास काढायच्या. तू इथे, मी इथे, तू मागे न बघता टाकायचा, मी तिथे असेन. आणि ती असायची. सहा वर्षांनी क्लबमध्ये घेऊन जाणारी तीच. नव्या कोचला ती म्हणाली होती, "ही मागे बघत नाही, पण मागे कोण आहे ते हिला कळतं." ...कळत होतं खरं. आता नाही कळत. आता मागे चारुता येते, ती क्लबची मॅनेजर म्हणून.

दांडा निसटला आणि अंगठ्याला लागला. पौर्णिमाने बूट भिंतीवर आपटला.

मागच्या हंगामात चौदा सामने झाले, त्यातल्या अकरा सामन्यांत तिला बाकावर बसवलं. का, ते कोणी सांगितलं नाही. बाकावर बसूनही तिने तक्रार केली नाही. मे महिन्यात केरळकडून विचारणा आली तेव्हा सरळ जाऊन म्हणाली, मला जायचंय. तेव्हा क्लबला एकदम आठवलं की ती फार महत्त्वाची आहे. दोन वर्षांचा नवा कागद पुढे आला. तिने सही केली नाही, तर जूनमध्ये हुकूम आला — सही होईपर्यंत हिने पंधरा वर्षांखालच्या मुलींबरोबर सराव करायचा. नऊ दिवस केला. दहाव्या दिवशी सराव संपल्यावर तिला मैदानावरचे प्लास्टिकचे शंकू गोळा करायला सांगितलं, आणि एक लहान मुलगी धावत येऊन म्हणाली, दीदी, मी करते, तुम्ही नका करू... त्या मुलीच्या डोळ्यांत जे होतं ते अपमानापेक्षा वाईट होतं. त्यांना मी नको होते. त्यांना फक्त मी दुसऱ्या कुणाला मिळायला नको होते.

"अशीच निघून गेलीस तर करार मोडला म्हणतील," तिचं काम बघणारा गजेंद्र नागपूरहून फोनवर म्हणाला होता. "आजारी आहे म्हणून लिहून दे. घरी विश्रांती."

"काय झालंय म्हणून सांगू?"

"काहीही सांग ना यार. दुखणं काय कोणाला दिसतं?"

आणि तिने क्षणभरही विचार न करता लिहिलं — उजवा गुडघा.

*

पांढरी गाडी दारात थांबली तेव्हा साडेबारा झाले होते. चारुता उतरली, आधी डावा पाय, मग हाताने दार धरून उजवा. पौर्णिमा उठली नाही.

"पाणी दे गं आधी. हिंगणघाटच्या पुढे ट्रक आडवा झालाय, अर्धा तास उभी होते."

पौर्णिमाने पाणी दिलं. "ताई" म्हणायचं नाही, हे तिने सकाळीच ठरवलं होतं.

"कागद आणलेत?"

"आणलेत." चारुता खुर्चीवर बसली. "गुडघा कसा आहे?"

"दुखतो."

"कुठे?"

"आतल्या बाजूनं."

"बघू."

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही. पण गुडघ्यातलं थोडंफार कळतं मला."

शेजारच्या ओसरीवर कोणीतरी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल रंगवत होतं, रंगाचा उग्र वास इकडे येत होता. हायवेवरून ट्रक जात होते. चारुताने बॅगेतून कागदांचा गठ्ठा काढला; तो करार नव्हता. तिने चष्मा लावला आणि वाचायला लागली, शाळेत हजेरी घेतात तशी.

"सहा जुलै. साडेसहा किलोमीटर, त्यात पूर्ण वेगाची धाव एकवीस वेळा. सात जुलै, सात किलोमीटर, चोवीस वेळा. आठ जुलै पाऊस होता वाटतं, तरी पाच. पंधरा ऑगस्ट — झेंडावंदनाच्या आधी नऊ किलोमीटर. आज सकाळी आठ." तिने चष्म्यावरून पाहिलं. "दुखऱ्या गुडघ्याने?"

"हे कुठून..."

चारुता नुसती पौर्णिमाच्या मनगटाकडे पाहत राहिली.

घड्याळ. क्लबने तीन वर्षांपूर्वी सगळ्यांना दिलेलं. रोज रात्री फोनशेजारी ते चार्जिंगला लागायचं, सकाळी केस बांधले की मनगटावर चढायचं. आंघोळ करून वेणी घालावी तसं, त्याच्यात विचार नव्हता. धावणं संपलं की आकडे आपोआप फोनवर, आणि फोनवरून... पण ते तर क्लबच्या ट्रेनरकडे जायचे.

"ट्रेनर जुलैतच सोडून गेला ना?"

"म्हणून त्याचं खातं माझ्याकडे आलं. रोज सकाळी सातला तुझं धावणं माझ्या मोबाईलवर यायचं."

"अन् तू बघत बसलीस. चोरावानी!"

"चोर मी?" चारुताचा आवाज चढला, आणि इतक्या वर्षांत घासूनपुसून घेतलेली तिची भाषा एकदम घसरली. "खोटं कोणं लिहून देल्लं वं? पाठ म्हणाची होती, पोट म्हणाचं होतं. साऱ्या आंगात तुले गुडघाच भेटला?"

एका क्षणात पौर्णिमाला हॉस्पिटलातला तो वॉर्ड दिसला — चारुता पलंगावर, पाय उशीवर, आणि क्लबचा माणूस फुलं घेऊन आलेला. फुलांसोबतच करार संपल्याचं पत्र. मैदानावर पडल्यापासून आठ दिवसांत. सहा महिन्यांनी त्याच माणसाने तिला मॅनेजर केलं, आणि तिने ते घेतलं... घेतलंच कसं?

"त्याच गुडघ्यापायी त्यायनं तुले आठ दिवसात काढलं," पौर्णिमा म्हणाली, सावकाश, प्रत्येक शब्द नीट लागेल असा. "अन् तू त्यायच्याच गाडीत बसून माह्या दारात येतेस?"

चारुताने चष्मा काढला.

"गाडी बाबांची आहे," ती म्हणाली. "क्लब पेट्रोलसुद्धा देत नाही."

हसू यायला हवं होतं. दोघींपैकी कोणालाच आलं नाही. चारुताने गठ्ठा खुर्चीखाली ठेवला आणि करार काढून कठड्यावर ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा ग्लास.

"हे आकडे क्लबच्या साहेबांनी अजून पाहिलेले नाहीत. सही केलीस तर पाहणारही नाहीत. नाही केलीस तर पाचनंतर मला पाठवावे लागतील. मग खोटं कारण दिलं म्हणून बंदी. एक वर्ष, कदाचित दोन."

"धमकी देतेस."

"काय आहे ते सांगते."

"मी केरळला गेली तर तुमचं काय जाते? तुमच्या बाकावरची एक जागा खाली होईन."

"माझं काही जात नाही."

"मंग सोड ना!"

"ते माझ्या हातात नाही, पुने."

पुने. गादीवरचं नाव. ते आत्ता, इथे, या कागदाच्या शेजारी तिने काढावं — पौर्णिमाला वाटलं, उठून तिच्या तोंडावर हात ठेवावा.

तेवढ्यात जिजाबाई दोन ताटं घेऊन आल्या. चारुता म्हणाली, नको काकू, निघायचंय. पण ताट मांडून झालं होतं. दोघी समोरासमोर बसून जेवल्या, एकमेकींकडे न बघता. चारुता मांडी घालू शकत नव्हती, उजवा पाय तिने ताटाच्या बाजूने सरळ सोडला होता, आणि पौर्णिमाला भाकरी घ्यायची तर त्या पायावरून हात न्यावा लागत होता. तिने दुसरी भाकरी घेतली नाही.

"तुहा गुडघा कसा हाये वं पोरी आता?" जिजाबाईंनी वाढता वाढता विचारलं.

"आहे काकू. चालताना नाही, पायऱ्या उतरताना छळतो."

"अन् पळणं?"

"पळणं नाही," चारुता म्हणाली. "ते संपलं." आणि ठेचा मागितला.

निघताना तिने करार तिथेच ठेवला. गठ्ठा मात्र आठवणीने बॅगेत घातला. "पाचपर्यंत हिंगणघाटला थांबते. फोन कर. नाहीतर नको करू." गाडी मागे घेताना ती दोन्ही आरशांत पाहत होती. ओसरीकडे पाहिलं नाही.

*

पौर्णिमाने घड्याळ काढलं. कसला तरी किळसवाणा किडा झटकावा तसं. खाली मनगटावर गोऱ्या कातडीचा पट्टा होता.

मूर्ख. गजेंद्र हेच म्हणेल, आणि हसेल. खोटं बोलायचं आणि रोज सकाळी त्याचा पुरावा स्वतःच पाठवायचा. पण मूर्खपणा एक दिवस असतो, दोन दिवस असतो, साठ दिवस? तिला शाळेतले लक्ष्मणराव सर आठवले. कडुलिंबाखाली शिट्टी घेऊन उभे राहायचे आणि पहिल्या फेरीनंतरच म्हणायचे, "मी पाहून राह्यलो म्हणून पळू नको वं. मी तं आता घरी जाईन." आणि खरंच जायचे. रिकाम्या मैदानावर ती धावतच राहायची. या दोन महिन्यांतही ती स्वतःला तेच सांगत आली होती — कोणी पाहत नाही, तरी मी धावते; क्लब नाही, संघ नाही, तरी मी आहे. त्याचाच तिला केवढा अभिमान... आणि घड्याळ? ते का? धावताना ठोके बघायला तर कधी मान खाली घातली नाही. मग काय, त्यांनी बघावं म्हणून? बघा, हिला तुम्ही बाकावर बसवलं, बघा कशी धावते — ज्यांचं नाव घेतलं तरी तोंड कडू होतं त्यांनाच रोज सकाळी दाखवायला?

ती उठली. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. ग्लासाखाली कागद फडफडत होता. पौर्णिमाने ग्लास उचलला नाही, कागदही नाही.

चार वाजून गेले असावेत. ऊन पायरीवरून खाली उतरलं होतं. वेळ बघायला फोन आत होता आणि तिला आत जायचं नव्हतं.

साठ दिवस. पहिल्याच आठवड्यात चारुताने ते आकडे साहेबांपुढे ठेवले असते, तर जुलैतच सगळं संपलं असतं. का नाही ठेवले? उत्तर सोपं होतं — शेवटच्या दिवसासाठी धार लावून ठेवले. पळायला जागा उरू नये म्हणून. मॅनेजर असाच विचार करणार, आणि तसा केला असेल तर ठीक; मग पौर्णिमाला काय करायचं ते कळत होतं. फोन करायचा नाही, बंदी घ्यायची, वर्षभर या मातीत धावायचं आणि मरेपर्यंत तिचं तोंड पाहायचं नाही. त्या रागावर मी सहज जगेन.

पण रोज सकाळी सातला चारुता... पिपरी मेघेला नाही, क्लबच्या त्या लांबच्या शहरात, खोलीत एकटी. बिछान्यातून उठताना पाय आधी हाताने खाली सोडायचा, आणि मोबाईल उघडायचा. नकाशावर वडनेरच्या शाळेमागचं मैदान, आणि त्याच्यावर एक रेघ गोल गोल फिरलेली. इथे वेग वाढला. इथे वळली. इथे थांबली, परत सुटली. ज्या गुडघ्याचं नाव घेऊन ही घरी बसली, तो साफ, मजबूत, दुसऱ्याचा गुडघा रोज सकाळी धावताना बघायचा, आणि मोबाईल बंद करून कामाला लागायचं. कोणाला न सांगता. एक दिवस नाही, साठ दिवस...

नाही. तिने मान हलवली. तसं नाही.

"काय ठरलं वं?" दारातून जिजाबाईंनी विचारलं.

"नाई ठरलं."

"पाच वाजत आले."

"माहीत हाये."

आई उभी राहिली, मग गेली. पौर्णिमा दुपारचा एकेक शब्द परत ऐकत होती, त्यात कुठे हिशेबीपणा सापडतो का, कुठे मजा घेतल्याचा सूर, नुसता एक. हजेरी घेतल्यासारखा तो आवाज, चष्म्यावरून पाहणं — तेवढं तरी दुष्ट होतं ना? असायला हवं होतं. तिने ते दुष्ट असावं म्हणून जीव लावून आठवलं, आणि जितकं आठवलं तितकं ते हातातून सुटत गेलं. आणि तिच्या लक्षात आलं की गेले चार महिने ती क्लबकडून जे मागत होती ते आता मागतच नाहीये. सुटका नाही, केरळ नाही. तिला फक्त एवढंच हवंय, की चारुताने तिचा घात करण्यासाठीच ते आकडे जपून ठेवलेले असावेत.