खोली तपासली: होय

“हेडफोन कानाला लावायचे असतात, गळ्यात हारासारखे घालायचे नसतात,” आमच्या मुख्य निरीक्षक पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. त्यांच्या मागे आम्ही त्यांना हेडबाई म्हणायचो. “आवाज बंद ठेवून पेपर सांभाळलास तर एक दिवस रडशील.” मी ‘हो ताई’ म्हटलं आणि सोडून दिलं.

काम घरूनच होतं. मुलं कॉलेज प्रवेशाची परीक्षा आपापल्या घरी लॅपटॉपवर देतात, आणि आम्ही कॅमेऱ्यातून त्यांच्यावर नजर ठेवतो. एका वेळी आठ चौकटी, आठ चेहरे. नाव-पत्ता दिसत नाही, फक्त नंबर. माझी लेक तेव्हा आठ महिन्यांची होती, पलीकडच्या खोलीत झोपायची. कान झाकले तर तिची कुरकुर कशी ऐकू येणार? मी सारखी उठून बघते म्हणून नवरा चिडवायचा, “श्वास घेतेय गं ती. आत्ताच विचारून आलो.”

पेपर उघडण्याआधी प्रत्येकाने लॅपटॉप फिरवून आपली खोली दाखवायची असते. टेबलाखालची जागा, भिंती, दार. खोलीत दुसरं माणूस असेल तर आम्ही ते तेव्हाच वर कळवायचं. मग विद्यार्थ्याला दुसरी तारीख मिळते, त्याच्या नावावर डाग लागत नाही. पण एकदा पेपर उघडला की सवलत संपली.

त्या दुपारी शेवटच्या चौकटीतल्या मुलीने खोली दाखवली. अरुंद खोली, मधोमध दोरीवर टाकलेली फुलाफुलांची चादर. चादर बाजूला करायला सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं, तेवढ्यात लेक रडली. मी ‘खोली तपासली: होय’ या रकान्यात खूण केली आणि आत धावले.

तासाभराने ती मुलगी डावीकडे बघायला लागली. एकदा. दोनदा. मी लिहून पाठवलं, ‘कृपया स्क्रीनकडे पाहा.’ तिने लगेच लिहिलं, ‘सॉरी मॅडम.’ मग तिचे ओठ हलले. कुणाशी तरी बोलत होती. मला वाटलं, सापडली! चादरीमागे कुणीतरी उत्तरं सांगतंय. थोड्या वेळाने ती सरळ उठून चादरीमागे गेली. मी लाल बटण दाबलं. पेपर रद्द.

तोवर मी स्वतः तीनदा जागेवरून उठून पाळण्यात डोकावून आले होते. माझ्यावर कॅमेरा नव्हता.

ती परत आली, स्क्रीनवरचं वाचलं. कच्च्या कामाचा कागद उचलून तिने कॅमेऱ्यासमोर धरला, पुढून आणि मागून. काहीतरी बोलली. मग चौकट काळी झाली.

चार दिवसांनी हेडबाईंचा फोन आला. “त्या मुलीने तक्रार केलीय. रेकॉर्डिंग ऐक. या वेळी कानाला लावून.”

मी ऐकलं. खोली दाखवतानाच चादरीमागे खोकला होता, खोल, छातीतून येणारा. ऐकणाऱ्या कुणालाही कळला असता. पुढे मुलीचा आवाज होता, “बाबा, एवढं एक गणित.” आणि एक थकलेला पुरुषी आवाज, “तू लिही गं. मी थांबतो.” मग बराच वेळ नुसती घरघर, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज. चादरीमागे भांड्यात पाणी ओतलं जात होतं, तेव्हा मी बटण दाबत होते.

शेवटी कागद धरून ती म्हणत होती, “मॅडम, यावर फक्त गणितं आहेत. मॅडम, ऐकू येतंय का? हॅलो?”

चादरीमागून प्रश्न आला, “झाला का गं पेपर?”

“झाला, बाबा.”

“कसा गेला?”

“सोपा होता.”

मी सगळं लिहून काढलं आणि पाठवण्याआधी हेडबाईंना दाखवलं. खोकला ऐकला नाही, चादर उचलायला लावली नाही, खूण मात्र केली. हेडबाई म्हणाल्या, “हे पाठवलंस तर तुझं काम जाईल. आणि तिला काही मिळेलच असं नाही.” माझं लिहिलेलं त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, “पाठव. मीही सही करते.”

माझं काम गेलं. तिच्याबद्दल परीक्षा घेणाऱ्यांकडून दोन ओळींचं उत्तर आलं: पेपर चालू असताना खोलीत दुसरी व्यक्ती होती, रद्द झालेला पेपर रद्दच राहील आणि पुढचं एक वर्ष परीक्षेला बसता येणार नाही. मी पत्ता मागितला. उमेदवाराची माहिती देता येत नाही, म्हणाले. “निदान वडील कसे आहेत ते तरी विचारा,” मी म्हटलं. त्यावर त्यांनी फोनच ठेवला.

माझी लेक आता चालायला लागली आहे. त्या मुलीचं वर्ष अजून संपलेलं नाही.

तिचा चेहरा मला पाठ आहे, पण मला तिच्यापर्यंत पोचता येत नाही. तुम्हाला येईल कदाचित. तुमच्या जिन्यावर, तुमच्या गल्लीत अशी एखादी मुलगी असेल. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, आणि ती दोघंच. एकदा दार वाजवा. परीक्षेचं काही विचारू नका. वडिलांजवळ तास-दोन तास बसा, तिला बाहेर पाठवा. ‘सगळं ठीक आहे, काकू’ म्हणून ती दारातूनच तुम्हाला परत पाठवू बघेल. तेवढ्यावर मागे फिरू नका. आत जाऊन बघा.