तुदाच्या हाडातला मी

मी शिशाचा एक अणू. सध्या मुक्काम तुदाच्या मांडीच्या हाडात.

तिची धाकटी बहीण इत्तो दूरदेशी रसायनशास्त्र शिकून अ‍ॅटलास डोंगराच्या पायथ्याशी, घरी परतली. तिला वाटलं होतं, कुंभार बापाच्या भट्टीला एक चांगलं तापमापक दिलं की झालं. दिसल्या त्या अंगणात फोडलेल्या मोटारीच्या बॅटऱ्या, आणि हसऱ्या तुदाच्या हिरडीवर निळी रेघ, शिसं अंगात भिनल्याची खूण.

मी दुष्ट नाही. माझ्या गाभ्यात ब्याऐंशी प्रोटॉन, भोवती तितकेच इलेक्ट्रॉन. बाहेरचे दोन गमावले की शरीर मला कॅल्शियम समजतं आणि हाडात जागा देतं. इत्तोच्या बापाने, मूहाने, मला बॅटरीतून वितळवून काढलं, भाजून भुकटी केली, झिलईत घातलं. भट्टीत मी ताजीनच्या, म्हणजे टोकदार झाकणाच्या मातीच्या भांड्याच्या, अंगावर काचेसारखा चकाकलो. मग त्यात तुदाने लिंबू घालून कोंबडी शिजवली. आंबटाने मला सोडवलं.

तुदाची दोन बाळं पोटातच गेली. गाव म्हणालं, दृष्ट. आता तिसऱ्याचा पाचवा महिना. कॅल्शियम कमी पडलं की बाळासाठी आईचं हाड झिजतं. तेव्हा मीही सुटेन, नाळेतून आत जाईन. मला थांबता येत नाही. तिला दूध द्या, एवढंच माझं मागणं.

संध्याकाळी इत्तोने ताट सरकवलं. "बा, हे विष आहे."

"विष असतं तर मी केव्हाच मेलो असतो," मूहा म्हणाला. "भट्टीतल्या पहिल्या भांड्यात कुंभाराच्याच घरी शिजतं. गिऱ्हाइकाआधी आपण खातो. आज्यापासूनचं इमान आहे हे."

"म्हणूनच सगळ्यात जास्त आपल्याच अंगात गेलंय. तुदाची बाळं यानेच गेली, बा."

तुदाचा हात ताटातच थांबला. "शिकून आलीस आणि माझ्या रांधण्यात खोट काढतेस होय गं?" ती म्हणाली. पण पुढचा घास तिने घेतला नाही.

सकाळी मूहा बाजारासाठी खेचरावर भांडी लादत होता.

"मी येते," इत्तो म्हणाली. "प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार. शोभेला ठेवा, यात शिजवू नका."

"बापाचं नाव बुडवायला येतेस?"

"हो."

"आणि मग खायचं काय?"

"ते अजून मला माहीत नाही, बा."

मूहा दोर आवळू लागला. माझ्या भाऊबंदांमुळे त्याची मनगटं अलीकडे लुळी पडतात, गाठ बसेना. इत्तोने दोर त्याच्या हातून घेतला, गाठ घट्ट मारली, आणि खेचराला बाजाराच्या वाटेला लावलं.