कास्ताबाईंचे रविवार

"तुमच्या मुलीनं साधा राष्ट्रीय अभ्यासक्रम मागितलाय, विल्फ्रेदो. तुम्हाला विचारून का?"

सल्लागार प्रुदेन्सिओबाई थेट विषयावरच आल्या. विल्फ्रेदो अंतेसाना अजून खुर्चीत नीट टेकलाही नव्हता. चष्म्याचं दुकान भरदुपारी बंद करून तो धावतपळत शाळेत आला होता.

"मला वाटलं, ती आयबी घेणार, तो आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. की ते दुसरं, अमेरिकन एपी?"

"अमेरिकेतली विद्यापीठं दोन्ही मानतात. एपीत आवडीचे तेवढेच विषय घेता येतात. आयबीत दोन वर्षं सहा विषय ओढायचे, वर मोठा प्रबंध. पण नोएलियाला हिमनद्यांवर काम करायचंय, लिहिण्याची हौस आहे, चिकाटी आहे. तिच्यासाठी आयबीच. यातलं काहीच न घेता तिकडची शिष्यवृत्ती मिळवणं जड जाईल."

"मग नाही का म्हणते?"

बाई जरा घुटमळल्या. "म्हणाली, पप्पा एकटे पडतील."

विल्फ्रेदोची बायको बेआत्रिस याच शाळेत संगीत शिकवायची. ती वारल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. तो मुळात अबोल. दिवसभर गिऱ्हाइकांकडून अक्षरं वाचून घ्यायची, एवढंच त्याचं बोलणं. संध्याकाळी नोएलिया बडबडायची आणि तो ऐकायचा. आपण पोरीला सांभाळतोय, असं तो समजून चालला होता.

जेवताना त्याने विषय काढला.

"इथलं विद्यापीठ काय वाईट आहे?" नोएलिया म्हणाली. "समोर तुनारी पर्वत आहेच की."

"त्याच्यावर बर्फ कुठे उरलंय?"

"म्हणून तर इथं कुणीतरी थांबायला हवं ना, पप्पा!"

पोरगी हार जाणारी नव्हती. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "हे बघ, मी काही एकटा पडत नाही. एक बाई आहेत."

नोएलियाचा घास हातातच राहिला. "तुमच्या आयुष्यात? कोण?"

"कास्ताबाई. दुकानाशेजारच्या." पहिलं आठवलं ते नाव त्याने सांगितलं होतं.

"त्या वह्या-पेनवाल्या? शटरचा आवाज केला म्हणून तुमच्यावर ओरडतात त्या?"

"त्याच."

"मग रविवारी बोलवा जेवायला. बघू दे मला."

दुसऱ्या दिवशी कास्ताबाईंना सगळं सांगताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाई विधवा, जिभेने तिखट. आधी त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "अहो, कुणी हिंडायला जायला खोटं बोलतं, कुणी लग्न मोडायला. पोरीला लांब धाडायला खोटं बोलणारा बाप्या पहिल्यांदाच बघतेय. येते मी."

त्या रविवारी बाई हिरवी कानातली घालून आल्या. भात, बटाटे आणि मांसाच्या सिल्पांचोवरचं अंडं करपलं म्हणून त्यांनी त्याला झापलं, त्याची कॉलर सरळ केली आणि नोएलियाला म्हणाल्या, "तू खुशाल जा गं. यांच्या डोक्यावर बसायला मी आहे ना!"

नोएलिया हसत सुटली. विल्फ्रेदो पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेला आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिला.

सोमवारी नोएलियाने आयबी मागून घेतलं.

पोरगी जाईपर्यंत महिन्यातून एका रविवारी यायचं बाईंनी कबूल केलं आणि दोन वर्षं ते पाळलं. नोएलियाचा प्रबंध तुनारीच्या हरवलेल्या बर्फावर होता. त्यातलं ओ की ठो कळत नसताना कास्ताबाई तो मोठ्याने वाचायला लावायच्या. विल्फ्रेदो मात्र आदल्या दिवशीच बाजारात जाऊन चांगले बटाटे निवडून आणू लागला. नवा सदरा शिवला. हे नाटक आहे, हे तो अधूनमधून विसरायचा.

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. विमानतळावर नोएलियाने आधी त्याला मिठी मारली, मग कास्ताबाईंना. "सांभाळा हं यांना," ती त्यांच्या कानात म्हणाली. बाईंनी मान हलवली, पण वर पाहिलं नाही.

टॅक्सीने परतताना बाईंची गल्ली आली.

"येत्या रविवारी..." विल्फ्रेदोने सुरुवात केली.

"आता कशाला हो?" बाई मायेनेच म्हणाल्या. "पोरगी लागली तिच्या वाटेला. माझ्या लेकी-जावयांनाही रविवारच मिळतो. सोमवारी दुकानावर भेटूच की." त्यांनी त्याच्या हातावर थोपटलं आणि त्या उतरल्या.

महिन्याभराने, एका रविवारी दुपारी, फोनच्या पडद्यावर नोएलिया हसत होती. "पप्पा, इथं पहिल्याच आठवड्यात पंधरा पानं लिहायला सांगितली. बाकीची पोरं रडतायत. मला काहीच वाटलं नाही. बरं झालं, आयबी घेतलं!"

"बरं झालं," तो म्हणाला.

"कास्ताबाई कुठायत?"

"पाव आणायला गेल्यात. येतीलच." त्याने फोन थोडा वळवला. समोर दुसरा वाडगा मांडलेला होता, त्यातल्या शेंगदाण्याच्या सूपची वाफ अजून निघत होती.

"मग जेवा आता, थांबू नका. माझा नमस्कार सांगा त्यांना."

"सांगतो."

फोन बंद झाल्यावर तो आपलं सूप सावकाश प्यायला. मग समोरच्या वाडग्यातलं पातेल्यात परत ओतलं, वाडगा धुतला, पुसला आणि पालथा घातला.