तीन सीड्यांची पैज

आमच्या मालकांना ऐकायला कमी येतंय, ही गोष्ट सगळ्या बेळगुंदीला ठावं हाय, त्यांना सोडून. उद्यमबागेत बत्तीस वर्सं मशीनांच्या धडधडीत काढली, कान जायचेच. पण कानाचं मशीन लावा म्हटलं की ह्यो गडी भडकतोय. "मला सगळं ऐकू येतंय. तूच पुटपुटतीस, मंगल." मी पुटपुटते? माझा आवाज शिवेपल्याड जातोय, शेजारणीला विचारा.

त्यात घरातला सीडी प्लेयर मेला. मालकांकडं भजनाच्या, लावण्यांच्या पन्नास-साठ सीड्या. आता म्हणाले, एकदम तीन-चार सीड्या बसतील असला प्लेयर घ्यायचा, दर खेपेला उठायला गुडघा नको म्हणतोय. मी तिथंच पैज लावली. "तुमचं तुम्ही निवडा. चांगला निघाला तर कानाचं नाव काढणार न्हाय. फसलासा तर मुकाट्यानं डॉक्टरकडं यायचं."

"व्हय," म्हणाले. एवढं मात्र बरं ऐकू आलं.

बेळगावात नागेंद्रचं जुन्या टेप-रेडिओचं दुकान हाय. त्यानं दोन प्लेयर काढले. एक पाच सीड्यांचा, चकचकीत, निळ्या दिव्यांचा. दुसरा तीन सीड्यांचा, कोपऱ्यात चेपलेला. "छलो ऐती, यल्लाप्पाण्णा, झकास हाय," असं मालकांना म्हणत त्यानं पाचवाला लावला. आवाज असा गोड की मलाच घ्यावासा वाटला. मालकांचं तिकडं ध्यानच न्हाय. त्यांनी झाकणावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. कारखान्यात मशीनचं बेअरिंग असंच बघायचे.

"ह्याची फिरकी डुगडुगतीया," म्हणाले. "महिन्यात अडकंल." मग चेपलेल्यावर हात ठेवला. "ह्यो द्या."

नागेंद्रला राग आला. त्यानं पाचवाला खोलूनच दाखवायला घेतला, बघतो तर काय. सीड्या फिरवायच्या चाकाचे दोन दात पार झिजलेले. "मलाच ठावं नव्हतं, अण्णा," म्हणाला. मी तोंडात मारल्यागत उभी. पैज हरले होते, आणि वर नवऱ्याचा अभिमान बी वाटत होता.

घरी येऊन जोडणी केली, तीन सीड्या घातल्या, मालक खुर्चीत ऐसपैस बसले. मी च्या दिला. पहिली सीडी संपली आणि आतली थाळी फिरायला लागली. गाणं बंद, घर अगदी गप. आमचे मालक मात्र मान डोलवत होते, खुर्चीवर बोटानं ताल धरून. "वा," म्हणाले.

मला हसू फुटलं आणि वाईट बी वाटलं, दोन्ही एकदमच. जिभेवर आलेलं गिळलं. पैज म्हणजे पैज.

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. बोट थांबलं. "थांबलंय व्हय गं?"

"सीडी बदलतीया," म्हटलं आणि गप बसले.

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सोमवारी जाऊ या डॉक्टरकडं."

"मी काय बी बोलले न्हाय."

"म्हणूनच. गाण्याचं ऱ्हाऊ दे. तू बोलतीस तवा ओठ बघून भागतंय माझं. तू गप बसलीस की मला कायच कळंना, मंगल. भ्या वाटतंय."

दुसरी सीडी सुरू झाली. मी पाट ओढून त्यांच्या म्होरं बसले आणि बोलायला लागले. सोमवारपर्यंत थांबले न्हाय.