सारंगखेड्याच्या जत्रेतला तांबडा घोडा

मित्रांनो, आता माझ्या पाठीवर कोंबड्या बसतात. पण एके काळी तिथे मुले बसत, आणि बसण्यासाठी भांडतही असत. मी जत्रेतल्या चक्रीचा लाकडी घोडा आहे.

कोरीट गावच्या भिला सुताराने मला सागाच्या ओंडक्यातून घडवले. तो बैलगाड्या आणि पेरणीच्या पाभरी करणारा माणूस. घोडा त्याने कधी केला नव्हता, म्हणून माझी मान गोऱ्ह्यासारखी जाड झाली. चक्रीचा मालक दोधू मला पाहून हसू लागला. त्याची बायको कौसाबाई मात्र माझी मान धरून पाहत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पोरेस्ले धराले बरी शे." तिनेच मला तांबडा रंग दिला आणि काजळीने डोळे काढले.

आम्ही चार घोडे होतो. मधल्या खांबातून निघालेले आडवे दांडे हातांनी ढकलून दोधू आम्हाला गोल फिरवी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गावोगाव जात असू. निंबाच्या झाडांना झोके टांगलेले असत, माहेरी आलेल्या लेकी गाणी म्हणत आणि त्यांची मुले माझ्या पाठीवर किंचाळत. कधी एखादा आजोबा नातवाला धरायच्या निमित्ताने स्वतःच बसून घेई. मग सगळे गाव हसे.

पण खरी मौज सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या जत्रेत. तिथे दूरदूरचे घोडे विकायला येत. त्या जिवंत, उमद्या घोड्यांपुढे मला माझ्या जाड मानेची फार लाज वाटे.

एका वर्षी त्यांतलाच एक घोडा बुजला आणि दावे तोडून गर्दीत घुसला. माणसे वाट फुटेल तिकडे पळाली. आरडाओरडा, धूळ, उलटलेल्या टोपल्या! सारे शांत झाले तेव्हा माझ्या पायाला एक लहानशी मुलगी घट्ट बिलगलेली होती.

ती डोंगरातली होती. गळ्यात मण्यांच्या माळा, आणि बोली अशी, की दोधूला एक शब्द कळेना. तो हात हलवून विचारी, ती रडत रडत काहीतरी सांगे. त्यातले "बा" एवढेच सर्वांना समजले. तिचा बाप हरवला होता.

शेजारचा बांगडीवाला रतिलाल म्हणाला, "फौजदारना राहुटीमा दी ये तिले. तुन्हा धंदा कशाले खोटी करस?"

दोधूला ते पटले. त्याने तिला उचलू पाहिले. तशी तिने दोन्ही हातांनी माझी मान आवळली आणि असा टाहो फोडला, की माझ्या लाकडालाही तो सहन होईना. माझी जाड मान पहिल्यांदाच मला हवीशी वाटली.

"सोडा तिले," कौसाबाई पुढे येऊन म्हणाली. "तठे फौजदारले तरी तिनी बोली कोठे समजस? तिले घोडावर बसाडा आनि फिरावा. चारीमेर फिरी, तं बापले कोठूनबी दिसी."

मग कौसाबाईने तिला माझ्यावर बसवले, दुरून दिसावे म्हणून एक लाल फडके तिच्या डोक्याला बांधले आणि दोधूने चक्री ढकलली. बाकीच्या घोड्यांवर मुले बसत, उतरत. माझ्यावर मात्र तीच. प्रत्येक फेरीला ती मान वळवून गर्दीत शोधी. डोकीच डोकी, पण ते एक डोके नाही.

ऊन कलले. दोधूचे दंड भरून आले, तेव्हा कौसाबाईने पदर खोचला आणि दांड्याला खांदा लावला. मघाचा रतिलालही थोडा वेळ पाहत राहिला. मग बांगड्या झाकून तो उठला आणि दुसरा दांडा ढकलू लागला.

मुलीचे रडणे थांबले होते. ते मला अधिकच भिववत होते. तिची पकड सैल होत चालली होती. तिने आशाच सोडली की काय, असे वाटून मी कासावीस झालो.

तेवढ्यात तापीच्या बाजूने एक माणूस आला. त्याचे कपडे छातीपर्यंत भिजलेले होते. इतका वेळ तो पोरीला नदीच्या पाण्यात शोधत होता! त्याने चक्रीकडे पाहिले, आणि जागीच उभा राहिला.

"रूपली!"

"बा!"

चक्री थांबेपर्यंतही त्याला धीर धरवेना. एका हाताने माझी मान धरून तो आमच्याबरोबर गोल गोल धावू लागला, रडत आणि हसत. दोधूने चक्री थांबवली तेव्हा कुठे त्याने लेकीला छातीशी घेतले. कौसाबाईने पदराने डोळे पुसले. रतिलालने मूठभर बांगड्या आणून रूपलीच्या हातात चढवल्या. त्या सगळ्या मोठ्या होत्या, घसरून पडत होत्या. माझ्या अंगातला ताण असा उतरला, की सांधे कुरकुरले. लोकांना वाटले, लाकूड जुने झाले.

त्या माणसाचे नाव गोवाल. तोरणमाळकडून तो चारोळी विकायला आला होता. पुढच्या जत्रेला तो साऱ्या घरादारासह आला. रूपलीने आपल्या धाकट्या भावाला माझ्यावर बसवले आणि मान कशी धरायची, ते त्याला आपल्या बोलीत समजावून सांगितले.

पुढे लोखंडी पाळणे आले. दोधू थकला. चक्रीचे वासे गोठ्याला लागले आणि मी कोपऱ्यात पडलो. एका हिवाळ्यात शेकोटीसाठी घरच्यांनी मला ओढून अंगणात नेले, कुऱ्हाडही आली. आता संपले, असे मी धरून चाललो होतो. पण कौसाबाई ओट्यावरून ओरडली, "त्याले हात नका लावा!" आणि मी वाचलो. तिची नातवंडे आता कोंबड्यांना हुसकून माझ्यावर बसतात.

मित्रांनो, जुन्या खेळण्यांना सांभाळा, एवढे तर मी म्हणेनच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. जत्रेत मौज करताना एखादे मूल एकटे रडताना दिसले, तर त्याला दुसऱ्याकडे सोपवून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ थांबा. त्याची बोली तुम्हाला आली नाही तरी चालेल. मला तर कोणतीच येत नव्हती.